पोर्तुगाल केलेला भाचा

त्या माणसाचा डोळा गेला, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढे मी चिडून जे लिहीन ते वाचून कुणाला वाटायचं की मावशीची माया बोलतेय, पोराने काही केलंच नव्हतं. केलं होतं. इंग्लंडमध्ये लेस्टरच्या एका गोदामाच्या आवारात, पाळी सुटताना, शिवीगाळीवरून माझ्या भाच्याने बरोबरच्या कामगाराच्या तोंडावर लोखंडी सळी मारली. तो दोन मुलांचा बाप होता, आणि आता त्याला एकाच डोळ्याने दिसतं. शिक्षा झाली ती योग्यच झाली. माझा राग शिक्षेवर नाही, शिक्षा संपत आल्यावर जे सुरू झालं त्यावर आहे.

मी मूळची गुहागरकडची. सिल्वासाला आले ती मराठी शाळेत शिक्षिका म्हणून, आणि आले कारण माझी थोरली बहीण आधीच इथे दिलेली होती. ताईचं सासर इथेच, टोकरखाड्याला. भावोजींचं घराणं इथलं जुनं, पोर्तुगीजांच्या काळापासूनचं. घरात बोलतात मराठीच, पण तिच्यात गुजराती इतकी मिसळलेली की ताईला पहिलं वर्ष सासूचं बोलणं निम्मं अंदाजानेच घ्यावं लागलं. भावोजी वीज खात्यातून निवृत्त झाले. त्यांना एकच मुलगा. मला मूल नाही, त्यामुळे तो निम्मा माझा, असं ताईच म्हणायची. शाळा सुटली की माझ्याकडे यायचा, पोहे खायचा आणि शुद्धलेखन टाळायचा.

आमच्या या भागात 'पोर्तुगाल करणं' असं म्हणतात. "त्यांच्या मोठ्याने पोर्तुगाल केलं," "यंदा धाकट्याचं पोर्तुगाल करायचंय." बाहेरगावच्या माणसाला वाटेल, सहलीची गोष्ट चाललीय. गोष्ट अशी की पोर्तुगीजांच्या राज्यात जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल अजून आपला मानतो. मग आजोबांच्या जन्माची नोंद लिस्बनला चढवायची, मग बापाची, मग पोराची, आणि पोराने तिकडचा पासपोर्ट घ्यायचा. पोर्तुगालला राहायला मात्र कुणी जात नसे. त्या पासपोर्टावर इंग्लंडला कामाला जाता यायचं, म्हणून हा सगळा खटाटोप. दमणमध्ये तर गल्ल्याच्या गल्ल्या अशा रिकाम्या झाल्या. पासपोर्ट आला की पेढे वाटतात, नारळ फोडतात. आपण देश बदलला, असं कुणाच्या मनातही येत नाही. बसचा पास बदलावा तसा पासपोर्ट बदलायचा.

माझ्या भाच्याचंही असंच झालं. आजोबांची नोंद झाली, भावोजींची झाली. भावोजींनी स्वतः पासपोर्ट मात्र घेतला नाही, कारण सरकारी नोकरी गेली असती. तेवढं त्यांना बरोबर कळत होतं. पोराने घेतला आणि भारताचा पासपोर्ट जमा केला. त्याबदल्यात जन्मभर भारतात येण्याजाण्याचं कार्ड मिळालं. ते दिसायलाही पासपोर्टासारखंच असतं, त्यामुळे घरात सगळ्यांना वाटायचं की याच्याकडे आता दोन्ही आहेत. मला विचाराल तर मलाही तसंच वाटायचं. तो त्या कार्डावर लग्नाला आला, दमणची मुलगी केली, तिला घेऊन गेला. लेस्टरला त्यांना मुलगी झाली. पाचव्या वाढदिवसाला तिला सिल्वासाला आणायचं ठरलं होतं. ते राहूनच गेलं.

मारामारी झाली कोरोनाच्या आदल्या वर्षी. मग कोर्टं बंद पडली, खटला लांबला, आणि शिक्षा झाली तेव्हा पोरगी शाळेत जायला लागली होती. चार वर्षं. ताईने कॉलनीत सांगितलं की तो कंपनीच्या कामाने स्कॉटलंडला गेलाय. भावोजींनी तेवढंही सांगितलं नाही, संध्याकाळी कट्ट्यावर बसणंच सोडून दिलं.

त्यांचं कट्ट्यावर बसणं हा एक वेगळाच विषय होता. सामरवरणीकडे नव्या चाळी झाल्या, कारखान्यांत खानदेशातले, बिहारकडचे कामगार आले, तेव्हापासून भावोजींचा तिथे एकच राग असायचा. बाहेरचे. सोसायटीच्या सभेत उठून म्हणायचे, भाडेकरूंची पोलीस तपासणी करा, ज्याच्यावर एक केस असेल त्याला त्याच दिवशी हद्दीबाहेर काढा, कोर्टकचेरी कसली करताय. लोक टाळ्या वाजवत. मी एकदा म्हटलं, "भावोजी, मीही बाहेरचीच आहे." तर हसून म्हणाले, "तुमी तर घरनां माणस ने." ज्याला हवं त्याला घरचं म्हणायचं आणि बाकीच्यांना हाकलायचं, असा तो न्याय होता.

तुरुंगातून भाच्याचा फोन रविवारी यायचा. शिक्षा निम्मी होत आली, म्हणजे तिकडच्या हिशेबाने सुटायची वेळ आली, तेव्हा एका रविवारी तो म्हणाला, "मम्मी, इकडचे लोक बोलतात मला डिपोर्ट करणार. एक पेपर आहे. सही केली तर लवकर छोडणार, केस नाही लढायची."

ताईने फोन स्पीकरवर टाकला होता. मी आणि भावोजी शेजारीच बसलो होतो. ताईचा चेहरा असा उजळला की तो मला आजही आठवतो. ती म्हणाली, "म्हणजे घरी पाठवणार तुला?"

"हा, म्हणजे लिस्बन पाठवणार. तिथून मी तिकीट काढेन ने."

लिस्बन म्हणजे आमच्या लेखी विमान बदलायची जागा. याच्यामागे एक कारण आहे, आणि ते सिल्वासात राहिलेल्यालाच कळेल. इथून वापी हाकेच्या अंतरावर, आणि वापी म्हणजे गुजरात. तिकडे दारूबंदी, इकडे दुकानं. बाटल्या नेताना आमची पोरं तिकडे पकडली जातात. दोनतीनदा पकडलं की त्याला वलसाड जिल्ह्यातून तडीपार करतात. तडीपार झालेला माणूस काय करतो? संध्याकाळी रिक्षात बसून सिल्वासाला घरी येतो. आई वरणभात वाढते, दुसऱ्या दिवशी पानाच्या गादीवर उभा असतो. हद्दीबाहेर काढणं म्हणजे घरी येणं, हेच आम्ही जन्मभर बघितलं. भावोजींनी तर खात्यातल्या एका वायरमनचं उदाहरणच दिलं. तो असाच तडीपार होऊन आला आणि इथे राहून सुतासारखा सरळ झाला. "काढी नाखशे तर सारूंच ने," ते म्हणाले. "काढलं तर बरंच की. येईल घरे."

एकच बाई नको म्हणत होती. लेस्टरची वकीलबाई. ती मूळची नवसारीची, ताईशी गुजरातीत बोलायची. दुसऱ्याच दिवशी तिने स्वतः फोन केला. "बेन, सही ना करवा देता," ती म्हणाली, सही करू देऊ नका, आणि मग अर्धा तास समजावत राहिली. तिचं म्हणणं थोडक्यात असं. इंग्लंड सरकारला परदेशी गुन्हेगाराला काढायचं असतं, पण वाटेल तसं काढता येत नाही. हा तिथे दहा वर्षांहून जास्त राहिलेला. त्याचा गुन्हा इंग्लंड युरोपातून बाहेर पडायच्या आधीचा, म्हणून त्याला जुना, कडक नियम लागू. त्या नियमात नुसती शिक्षा झाली एवढं कारण पुरत नाही. हा माणूस पुढेही धोकादायक आहे, आणि तोही गंभीर धोका आहे, असं सरकारला दाखवावं लागतं. त्याच्यावर आधीची एकही तक्रार नाही. तुरुंगात वागणूक चांगली. बायको तिथे, मुलगी तिथे. न्यायाधीशाला हे सगळं तोलावंच लागेल. "ए लोकोना हाथ बांधेला छे," ती म्हणाली. त्यांचे हात बांधलेले आहेत. लढलो तर तो तिथेच राहण्याची चांगली शक्यता आहे, फक्त वेळ लागेल, आणि तेवढा वेळ कदाचित तो कोठडीत असेल.

ताईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे राहिला तर मला कधी दिसेल?"

फोन ठेवल्यावर भावोजी म्हणाले, वकील कधी केस संपव असं म्हणणार आहे का. त्यांना वाटलं, तिची चलाखी आपण ओळखली. ताई देवघरापुढे जाऊन बसली. पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा तिने मुलाला एवढंच सांगितलं, "सही कर बाळा. सही कर आणि घरी ये."

तो म्हणाला, "छोकरी इकडे राहील, मम्मी."

"तिला पण आणू आपण. तू आधी ये."

त्याने सही केली. ज्या कायद्याने इंग्लंड सरकारचे हात बांधले होते, त्या कायद्यावर त्याने त्या सहीने पाणी सोडलं. मला त्या वकीलबाईचा आवाज आठवतो. ती रागावली नाही. "सारूं," म्हणाली, आणि त्यानंतर तिचा फोन आला नाही. परक्या देशाचा कायदा आमच्या पोराला धरून ठेवत होता आणि आम्ही त्याची बोटं एकेक करून सोडवली. मायेने सोडवली, हे त्यातलं सगळ्यात वाईट.

लिस्बनला उतरल्यावर दोन पोलिसांनी त्याचा पासपोर्ट बघितला, त्याला परत दिला आणि जा म्हणाले. त्याला कुणी अडवलं नाही, कारण तो त्यांचा नागरिक होता. स्वतःच्या माणसाला आत घेणार नाही, असं कुठल्याच देशाला म्हणता येत नाही. बाहेर आल्यावर त्याला पाणी कसं मागायचं ते कळेना. एका खोलीत सहा नेपाळी आणि पंजाबी पोरांबरोबर तो राहिला, त्यांच्या ओळखीने एका हॉटेलात भांडी घासली, तिकिटापुरते जमवले. फोनवर हसून सांगायचा, "मावशी, खोलीत मी एकटाच पोर्तुगीज. आणि पोर्तुगीज येत नाही तोही मी एकटाच." नेपाळ्यांना येत होतं.

मुंबईला विमान दुपारी उतरायचं होतं. ताईने आदल्या दिवशीपासून स्वयंपाक मांडला होता. सकाळी गाडी करून आम्ही तिघं निघालो. भिलाडच्या पुढे भावोजी गाणं गुणगुणत होते. इतक्या वर्षांत मी त्यांना गुणगुणताना ऐकलं नव्हतं.

विमान वेळेवर उतरलं. बोर्डावर तसं दिसलं, त्यातली माणसं सामान ढकलत बाहेर आली, एकेक करून सगळी आली. त्यांच्या गळ्यात पडलेली माणसं निघून गेली. मग पुढच्या विमानातली यायला लागली. तासाभराने फोन वाजला.

"मम्मी, मी आतमध्येच आहे. कार्ड चालत नाही बोलतात."

नियम असा आहे की दोन वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, जगात कुठेही झाली, तर ते जन्मभराचं कार्ड सरकारला रद्द करता येतं. हे आम्हाला त्या दिवशी कळलं. रद्द करण्याआधी त्याचं म्हणणं ऐकायला हवं, म्हणून रीतसर नोटीस पाठवली होती म्हणे. लेस्टरच्या घराच्या पत्त्यावर. तो तेव्हा तुरुंगात होता आणि बायकोने ते घर केव्हाच सोडलं होतं. नोटिशीला उत्तर आलं नाही आणि कार्ड रद्द झालं. म्हणजे त्याचं म्हणणं ऐकून घेण्याचा नियम पाळला गेला.

दारावरच्या शिपायाच्या हातापाया पडून ताईने एका अधिकाऱ्याला बाहेर बोलावलं. तरुण होता, मराठीच होता, अदबीने बोलला. ताईने त्याला सगळं सांगितलं. जन्म सिल्वासाचा, शाळा सिल्वासाची, ही बघा त्याची मावशी, हिनेच शिकवलंय त्याला. तो म्हणाला, "काकू, ते खरं असेल. पण तो परदेशी नागरिक आहे. परदेशी माणसाला आत घ्यायचंच असं आपल्यावर बंधन नाही."

"मग त्याला इंग्लंडला तरी परत पाठवा," ताई म्हणाली. "तिथे त्याची मुलगी आहे."

"तिथून त्याला काढलंय ना. तिथे नाही जाता येणार. आला तिथेच परत जाईल, लिस्बनला."

"तिथे कोण आहे त्याचं?"

"तिथला आहे तो, काकू," अधिकारी म्हणाला. तो चिडून म्हणाला असता तर बरं झालं असतं.

भावोजी पुढे झाले. मला वाटलं, आता हा माणूस काहीतरी बोलेल. सभेत बोलायचा तसा. ते म्हणाले, "साहेब, एकच केस आहे त्याच्यावर. एक वार." आणि त्यांनी हात जोडले. मला दया यायला हवी होती. आली नाही. त्या क्षणी मला फक्त सोसायटीची सभा दिसत होती आणि टाळ्या ऐकू येत होत्या.

ताईने विचारलं, निदान काचेतून बघू दे. ते जमण्यासारखं नव्हतं. डबा आत द्या म्हणाली, तेही नाही. संध्याकाळच्या विमानाने त्याला परत बसवलं. आईपासून दोन भिंतींच्या अंतरावर चारेक तास बसून तो परत गेला, आणि आम्ही डबा घेऊन सिल्वासाला आलो. दुसऱ्या दिवशी ताईने तो कामवालीला दिला.

त्यानंतर साधा व्हिसा मागून पाहिला. अर्जात विचारतात, शिक्षा झाली आहे का. त्याने खरं सांगितलं. नकार आला आणि कारण दिलं नाही, कारण देण्याची सक्तीही नाही. मी मुंबईच्या एका वकिलाला भेटले. तो म्हणाला, कार्डासाठी कोर्टात जाता येईल, नोटिशीचा मुद्दा बरा आहे, पण कोर्ट फार तर पुन्हा ऐकून घ्या म्हणेल, आणि ऐकून घेऊन ते पुन्हा नाहीच म्हणू शकतात. मग मला समजावायला म्हणाला, "बाई, आत असलेल्याला बाहेर काढणं अवघड असतं. बाहेर असलेल्याला आत न घेणं फार सोपं." मी त्याला म्हटलं, अहो, तो आतलाच होता. जिथे तो परका होता तिथे कायद्याने त्याची बायको, मुलगी, वागणूक, वर्षं, सगळं मोजलं असतं. जिथे तो जन्मला तिथे मोजायला काही ठेवलंच नव्हतं. सहा वर्षांची पोर एका देशात, बाप दुसऱ्या, बापाची आई तिसऱ्या. एकेक कायदा वेगळा वाचला तर बरोबरच वाटतो. मी शिक्षिका आहे, मला वाचता येतं. म्हणून तर जास्त संताप होतो.

भावोजी पुन्हा कट्ट्यावर जायला लागले. त्यांचं बोलणं आता बदललंय, असं लिहायला मला आवडलं असतं. बदललेलं नाही. ते अजून सामरवरणीच्या चाळींबद्दल तेच बोलतात. एकदा मी न राहवून म्हटलं, "तुमच्या पोराला असंच काढलं ना?" तर म्हणाले, "ते वेगळं."

शेवटी तोडगा ताईनेच काढला. त्याच एजंटाकडे गेली, पोर्तुगाल करून देणाऱ्या. त्याने सांगितलं, मुलगा तिथला नागरिक आहे, तर त्याने सांभाळायची आई म्हणून तुम्हाला तिथे जाता येईल, राहता येईल. तो कायदा चांगला आहे म्हणाला. भावोजी जाणार नाहीत. आपला देश सोडून ते कुठे जाणार नाहीत, असं ते म्हणाले. त्रेसष्टाव्या वर्षी ताईने आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढला. ही तीच बाई, जी इथल्याच दुधनीला धरण बघायला न्यायचं म्हटलं तरी रात्री घरी परत येऊ ना, असं दहादा विचारायची.

निघायच्या आदल्या दिवशी मी तिच्याकडे गेले. ती लोणच्याच्या बरण्यांना फडकी बांधत होती. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. तिकडे थंडी असते, गुडघे सांभाळ, वर्षभराने ये. ती म्हणाली, "येईन ना. जमलं तर येईन." मग हातातलं फडकं नीट आवळलं, गाठ मारली आणि वर न बघता म्हणाली, "एक लक्षात ठेव. तिकडे मला काही झालं, तर हे म्हणतील तिला आणा, इथेच करू सगळं. तू आणू द्यायचं नाहीस. इथे आणलंत तर तो यायचा नाही."

मी हो म्हटलं.